वाटले तेवढे उरले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या वर्धापनदिनाला दरवर्षी आपण बाहेरच्या कोणा विदुषीला बोलावतो. यंदा मात्र चिटणीसबाई आमच्याकडे आल्या आणि पाणी पिऊन झाल्याबरोबर म्हणाल्या, "काकू, यंदाचं भाषण तुमचं." मी म्हटले, "अगं, मी काय बोलणार? मी आयुष्यात केलं काय? रांधलं, मुलं वाढवली, आणि चार झाडं लावली." त्या म्हणाल्या, "मग त्यावरच बोला." तेव्हा आज जे काही कंटाळवाणे होईल त्याचा अर्धा दोष त्यांचा आहे, हे आधीच सांगून ठेवते.

माझे माहेर कऱ्हाडचे. १९७५ साली लग्न होऊन कुंभार्ली घाट उतरून मी चिपळूणला आले, तेव्हा वीस वर्षांची होते. एसटी घाटातून उतरत होती आणि मी खिडकीतून तांबडी माती पाहून रडत होते. आमची कऱ्हाडची माती काळी. पाऊस झाला की चपलेला असा गोळा धरते की पाऊल उचलेना. इथे ओंजळभर पाणी ओतावे तर क्षणात कोठे नाहीसे होते ते कळत नाही. सासऱ्यांनी माझी समजूत घातली ती अजून आठवते. ते म्हणाले, "सूनबाई, तुमच्या कोयनेचंच पाणी डोंगराच्या पोटातून वीजघरात येतं आणि आमच्या वाशिष्ठीला मिळतं. ते पाणी इथे रमलं, तुम्हीही रमाल." सासऱ्यांचा शब्द खोटा कसा करायचा? मी रमले.

पण खरे रमवले ते सासूबाईंनी, आणि तेही परसदारी. आमचे घर जुने, जांभ्याच्या चिऱ्यांचे. पुढे अंगण, मागे परसू, पलीकडे गडगा. सासूबाई शाळेत चार इयत्तांच्या पुढे गेल्या नव्हत्या, पण मातीचे त्यांना जे कळे ते पुस्तकात मिळायचे नाही. त्या म्हणत, "ही माती उधळी आहे गो. चार महिन्यांचा पाऊस हिचं सगळं धुऊन नेतो. हिला सारखं खायला घालावं लागतं." म्हणून आमच्या घरातला पालापाचोळा, भाजीची देठे, चहाचा चोथा कधी बाहेर गेला नाही. न्हाणीचे पाणी अळूला आणि कर्दळीला. तांदूळ धुतलेले पाणी मिरचीला. नारळ सोलला की शेंड्या कुंडीच्या तळाशी. मे महिन्यात विहीर तळाला जाई, तेव्हा तर प्रत्येक तांब्याचा हिशेब असे. मुलांना आंघोळ घालायची तीसुद्धा केळीच्या आळ्यात उभे करून. एका तांब्यात मूलही स्वच्छ आणि केळही खूश!

बाग म्हटली की कोणाला वाटेल, हिरवळ आणि कारंजी. आमची बाग म्हणजे स्वयंपाकघराची मागची खोली होती. कढीपत्ता, गवती चहा, ओली हळद, अळू, मायाळू. पावसात मांडवावर पडवळ, दोडकी आणि काकडी. पुढच्या अंगणात देवापुरती फुले: तगर, जास्वंद, कोरांटी, मोगरा, अबोली, पारिजात. पहाटे उठून सडासारवण, चूल, पुढे गॅस आला तर गॅस, ह्यांचा डबा, मुलांच्या शाळा, सासऱ्यांचे पथ्य, दुपारचे निवडणे-टिपणे, संध्याकाळचा दिवा. या सगळ्यांच्या मधल्या फटींत माझी बाग होती. दहा मिनिटे इथे, पंधरा मिनिटे तिथे. मैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळजणींचे आयुष्य असे फटींतूनच फुलले आहे.

आणि तरी कोणी विचारले, "आपण काय करता?" तर तोंडून उत्तर निघते, "काही नाही, घरीच असते." जनगणनेतसुद्धा नुसते घरकाम करणारी बाई काम न करणाऱ्यांच्या रकान्यात जाते. बरे, ही माझी एकटीची रड नव्हे. केंद्र सरकारने २०२४ साली लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची देशभर पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोजचा सरासरी २८९ मिनिटे वेळ निघाला, आणि ते काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. म्हणजे आपले पाच तासांना अकरा मिनिटे कमी. मुलांचे आणि आजाऱ्यांचे करणे त्यात धरलेले नाही. माझ्या नातीने हे वाचून दाखवले, तेव्हा आमच्या घरातून आवाज आला, "मी अठ्ठ्याऐंशी मिनिटं काय करतो बुवा?" मी म्हटले, "उरलेल्यांचं काम कोणीतरी दुसरा करीत असेल."

विनोद जाऊ द्या. आज मला जे सांगायचे आहे ते निराळे आहे, आणि थोडे स्वतःच्याच विरुद्ध आहे.

आमच्या अंगणात एक अनंताचे झाड होते. सासूबाईंनी हाताने लावलेले. पावसाच्या तोंडाशी ते असे फुले की रस्त्याने जाणारा माणूस गडग्याशी थबके. वटपौर्णिमेला आळीतल्या बायका फुले मागायला आमच्याकडे येत. सासूबाईंचा हात मोकळा. फुले काय, रोपे काय, त्या "नाही" म्हणत नसत. त्यांचे एक बोलणे होते, "झाडाचं मूल शेजारी असावं. आपलं गेलं तर तिथून मागता येतं." १९८९ साली त्या गेल्या आणि बाग माझ्या हाती आली.

मीही सगळे वाटत होते हो. जास्वंदीच्या काड्या, अळूचे कंद, कढीपत्त्याच्या मुळाशी फुटलेली पिल्ले, मोगऱ्याची रोपे. कोणी रिकामी गेली नाही. पण अनंत मी कोणाला दिला नाही. १९९४ च्या पावसाळ्यात समोरच्या वहिनींनी गुटी मागितली. मी म्हटले, "त्याची गुटी धरत नाही हो, फार नाजूक असतो." हे खोटे होते. सासूबाईंनी अनंताची गुटी बांधताना मी शेजारी बसून सुतळी धरली होती. मग का दिली नाही? तर सासूबाईंची आठवण म्हणून, असे मी स्वतःला सांगत असे. खरे कारण असे की आळीतला एकुलता एक अनंत आपल्या दारात असावा, वटपौर्णिमेला बायकांनी आपल्याच दारी यावे, असे मला वाटे. वहिनी पुन्हा कधी त्याविषयी बोलल्या नाहीत. आमचे येणेजाणे चालू राहिले. पण ज्येष्ठ लागला की त्यांची नजर झाडाकडे जाई आणि माझी जमिनीकडे.

आता पुराचे सांगते. पूर आपल्याला नवा नाही. २६ जुलै २००५ चा आपण सगळ्यांनी पाहिला. तेव्हा आमच्याकडे पाणी ओटीला लागले आणि उतरले. त्यामुळे २०२१ सालीही आम्ही गाफील राहिलो. आषाढी एकादशी होऊन दोन दिवस झाले होते. रात्रभर पाऊस कोसळत होता. पौर्णिमा जवळ आलेली, खाडीची भरती मोठी. वरून येणाऱ्या पाण्याला पुढे जायला वाट नाही. २२ जुलैच्या पहाटे मी उठले तो अंगणात पाणी. दळणाचे डबे माळ्यावर चढवीपर्यंत ते गुडघ्याला लागले. एवढ्यात समोरच्या माडीवरून वहिनींचा आवाज आला, "वहिनी, सगळं टाका आणि या! भावजींना घेऊन आधी या!" त्यांच्या मुलाने दोरी बांधली, ह्यांना हाताला धरून नेले, मग मला. त्यांच्या माडीवर आम्ही दोन रात्री काढल्या. वीज नाही, फोन नाही. त्यांनी स्टोव्हवर मऊभात केला आणि पहिले ताट माझ्यापुढे ठेवले. त्या माडीच्या खिडकीतून माझे घर दिसत होते. आधी मोगरा बुडाला, मग तुळशीवृंदावन, मग गडगा. शेवटी अनंताचा शेंडा तेवढा तपकिरी पाण्यावर हलत होता. तो पाहताना वहिनी माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही.

पाणी उतरल्यावर घरात पाऊल टाकले, तेव्हा चिखल पोटरीएवढा होता. त्याचे वर्णन तुमच्यापुढे काय करायचे? तुम्हीही तोच उपसला आहे. धान्य कुजले, गाद्या गेल्या, फ्रिज आडवा होऊन स्वयंपाकघरातून माजघरात आला होता. बागेत तर काही दिवसांनी ऊन पडले आणि तो गाळ वाळून त्याच्या वड्या पडल्या. सबंध अंगणावर कोणी वाटोळ्या-चौकोनी फरशा बसवाव्यात तसे दिसे. त्या फरशीखाली मुळे गुदमरत होती. माड आणि पोफळी तगल्या. त्यांना पाण्याची सवय. पारिजात, लिंबू, मोगरा, अबोली सगळे गेले. अनंताची पाने पंधरा दिवस हिरवी राहिली, म्हणून मला आशा होती. मग एकदम सगळी काळी पडली. मी नखाने साल खरवडून पाहिली. आत तपकिरी होते. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत पाहिले. कोठेही हिरवे नव्हते.

पंचनाम्याला आलेला मुलगा फार समजूतदार होता. एकेक वस्तू विचारून लिहीत होता. भांडी, कपडे, धान्य. शेवटी म्हणाला, "आजी, आणखी काही?" मी म्हटले, "बाग." त्याने अंगणाकडे पाहिले, हातातल्या कागदाकडे पाहिले आणि हळूच म्हणाला, "शेती असती तर लिहिलं असतं, आजी. ह्याला इथे जागा नाही." त्याचा काय दोष? सेहेचाळीस वर्षांच्या फटी कोणत्या रकान्यात भरायच्या?

पुण्याहून मुलगी आली. म्हणाली, "आई, आता पुरे. आमच्याकडे चला. तिसऱ्या मजल्यावर पाणी यायचं नाही." ह्यांनाही ते पटले. गणपती झाले की निघायचे असे ठरले. मी नाही म्हटले नाही. खरे सांगते, मला त्या अंगणाकडे बघवत नव्हते.

आणि मग एके दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या घरातली सून आली. हातात दुधाच्या पिशवीत लावलेली जास्वंद. म्हणाली, "काकू, तुमचीच आहे. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही काडी दिली होती. माझं माहेर खेंडीत, उंचावर, तिथे लावली होती. तिची ही काडी." दुसऱ्या दिवशी शाळेतल्या बाई आल्या, कढीपत्त्याचे पिल्लू घेऊन. मासळी घेऊन दारी येणारी मावशी आली ती टोपलीत मासळीशेजारी अबोलीची दोन रोपे घेऊन. तिच्या केसांत माळायला म्हणून मी तिला कधीकाळी अबोली दिली होती. मी विसरून गेले होते. ती विसरली नव्हती. म्हणाली, "वयनी, वरच्या वाडीत ठेवली व्हती, पानी नाय लागला." कोणी अळूचे कंद आणले, कोणी हळदीचे, कोणी कर्दळ. पुण्याच्या मुलीच्या गॅलरीत गवती चहा होता, तोसुद्धा एसटीने परत आला. समोरच्या वहिनी आल्या. त्यांच्या हातात मोगरा. त्यांचे अंगण बुडाले होते, पण कुंडी माडीवर होती. म्हणाल्या, "तुमचाच आहे, वहिनी. माझ्याकडे नुसता राहायला आला होता."

मी एका वहीत लिहून ठेवू लागले: कोणी काय आणले. दिवाळीपर्यंत त्रेचाळीस रोपांची नोंद झाली. माझ्या बागेचा पंचनामा आळीने केला तो असा. आता तुम्हीच सांगा, दाराशी रोपे येऊन उभी राहिलेली आणि त्यांना टाकून पुण्याला जायचे कसे? आधी म्हटले, एवढी लावून मग जाऊ. मग म्हटले, जरा मूळ धरू दे. मुलीच्या लक्षात आले. तिने विषय सोडला.

त्या वहीत मी अनंतासाठी एक ओळ मोकळी सोडली होती. ती भरली नाही. भरणार कशी? मी कोणाला दिलाच नव्हता, तर आणणार कोण? आमच्या या गावात १८६४ सालापासून वाचन मंदिर आहे. त्या पुरात तिथली पुस्तके चिखलात गेली, हे आपण डोळ्यांनी पाहिले. वहिनींच्या माडीवर मात्र तिथून आणलेले एक पुस्तक परत करायचे राहून गेले होते. ते कोरडे राहिले. बाहेर गेले म्हणून वाचले. मी सासूबाईंची आठवण कडीकुलपात ठेवली आणि तीच नेमकी पाण्याने नेली. वाटले तेवढे उरले.

मग मी वहिनींना सांगितले. एका दुपारी चहा घेता घेता सांगितले, की गुटी धरत नाही हे मी खोटे बोलले होते. त्या म्हणाल्या, "मला तेव्हाच माहीत होतं." मी म्हटले, "मग बोलला का नाहीत?" त्या म्हणाल्या, "एका झाडापायी शेजार मोडायचा होय?" मैत्रिणींनो, त्या दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत आणि आता माझ्याकडे डोळे वटारीत आहेत, तेव्हा याविषयी अधिक बोलत नाही.

पुढल्या वर्षी दापोलीच्या बाजूला जाणे झाले, तेव्हा रोपवाटिकेतून एक अनंत विकत आणला. तो सासूबाईंचा नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण त्याला काड्या धरण्याइतके बळ येताच मी आषाढात पहिली गुटी बांधली आणि ती वहिनींच्या अंगणात लावली. आपल्या घरची दुसरी नंतर.

आता दोन गोष्टी उपयोगाच्या सांगते, म्हणजे नुसत्या गप्पा झाल्या असे व्हायचे नाही. पहिली पुराच्या गाळाची. गाळ वाळून घट्ट होण्याआधी झाडाच्या बुंध्यापासून हलक्या हाताने ओढून काढावा आणि बुंधा पूर्वी जेवढा उघडा होता तेवढा मोकळा करावा. तो गाळ टाकून देऊ नये. त्यात दुप्पट पालापाचोळा मिसळून ढीग करावा आणि वर्षभराने भाजीच्या आळ्यात घालावा. खायची पालेभाजी मात्र पुराच्या पाण्यातली मुळीच घेऊ नये. दुसरी गोष्ट गुटीची. पावसाच्या सुरुवातीला पेन्सिलीएवढी जाड, निरोगी फांदी निवडावी. एक इंचभर साल वाटोळी काढावी, आतला बुळबुळीत थर पुसून घ्यावा. त्यावर ओले शेवाळ लावून प्लॅस्टिकने गुंडाळावे आणि दोन्ही टोके सुतळीने घट्ट बांधावीत. दीड-दोन महिन्यांत आत पांढरी मुळे दिसली की खालून कापून कुंडीत लावावी आणि काही दिवस सावलीत ठेवावी. जास्वंदीला एवढाही खटाटोप नको. तीन-चार डोळ्यांची काडी तिरपी कापून दोन डोळे मातीत पुरले की पावसाळ्यात ती आपोआप धरते.

आणि एक सूचना मंडळापुढे ठेवते. आपण वर्धापनदिनाला वाण लुटतो, खेळ खेळतो, फराळ करतो. ते सगळे चालू द्या. पण त्याबरोबर प्रत्येकीने आपल्या घरचे एक रोप आणावे आणि दुसरीला द्यावे. खालच्या आळीतलीने उंचावरच्या घरी आवर्जून द्यावे. कोणी कोणाला काय दिले ते मंडळाच्या एका वहीत लिहून ठेवावे, आणि ती वही माडी असलेल्या घरी ठेवावी. पाणी पुन्हा येणार नाही असे कोण सांगेल? आले तर कोणाचे मूल कोणाच्या अंगणात आहे, हे त्या वहीत सापडेल.

मी आयुष्यात काय केले, असे मी आरंभी म्हटले होते. रांधले ते संपले, धुतले ते पुन्हा मळले, मुले वाढवली ती आपापल्या घरी गेली. त्याचा हिशेब कोठे मिळत नाही, म्हणून मन खट्टू व्हायचे. आता होत नाही. आपण दिलेले आपल्याला दिसत नाही, कारण ते दुसऱ्याच्या अंगणात वाढत असते.

बाहेर पायरीजवळ एका टोपलीत अकरा रोपे ठेवली आहेत. त्यांत तीन अनंताच्या गुट्या आहेत. जाताना ज्यांना हव्यात त्यांनी घेऊन जावे. विचारायचीही गरज नाही. फक्त वहीत नाव लिहा.